साईडिंगच्या पुलावरचे दीड मीटर

दिनांक ९ जानेवारी, गुरुवार, सकाळी सव्वानऊ. बाब क्रमांक २७, लोखंडी झिगझॅग फाटके, नग दोन, रक्कम रुपये एक्केचाळीस हजार सहाशे, कर वेगळा. उपस्थित: मी, ठेकेदाराचे सुपरवायझर शिर्के आणि वेल्डर इक्बालभाई. मोजमाप पुस्तिकेत एवढीच नावे आहेत. प्रत्यक्षात आणखी सहा जण हजर होते. चौघांच्या खांद्यावर एक बांबू होता, बांबूला चादर बांधलेली होती, चादरीत दत्तारामकाका होते आणि मागून हॉस्पिटलच्या फायलीची पिशवी घेऊन त्यांच्या पत्नी, शेवंतीकाकी, चालत होत्या.

वाडीच्या बाजूचे फाटक आदल्या संध्याकाळी बसले होते. मी टेप लावून उभी होते. काकींनी फाटकाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"गो बाय, ह्यातून आमी जायाचं कसं?"

मी सांगितले की एकेकाने, वळून जायचे. अपंगांच्या चाकाच्या खुर्चीलाही जागा ठेवली आहे.

"चालता आला असता तर चादरीत कशाला घातला असता त्यांना?" काकी म्हणाल्या.

आवाज चढलेला नव्हता. बाजारात भाव विचारावा तसा त्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मला उत्तर आले नाही असे प्रसंग मी मोजलेले आहेत, हा चौथा.

झिगझॅग फाटक म्हणजे काय ते आधी सांगते. दोन लोखंडी चौकटी एकामागे एक उभ्या करायच्या. पहिली डाव्या कठड्याला धरून, दुसरी उजव्या. येणाऱ्याला सरळ जाता येत नाही, इंग्रजी एस काढत जावे लागते. सायकलवाला उतरतो, पुढचे चाक उचलतो आणि निघून जातो. खुर्ची वळते. मोटारसायकल वळत नाही. या सगळ्याची किल्ली दोन चौकटींमधल्या अंतरात आहे. अंतर जास्त ठेवले तर मोटारसायकली जातात, कमी ठेवले तर खुर्ची अडकते. मुंबईहून आलेल्या आराखड्यात ते अंतर 'योग्य' असे लिहिले होते. योग्य हे माप मी कधी टेपवर पाहिलेले नाही. म्हणून एका रविवारी आमच्या अंगणात चुन्याच्या रेघा मारल्या, शेजारच्या आजींची चाकाची खुर्ची मागून आणली आणि आमच्या ह्यांना मोटारसायकल ढकलायला लावली. हे शाळामास्तर. बत्तीस वेळा ढकलली. शेवटी म्हणाले, "हवं तर मला बाकावर उभं कर, पण हे पुरे." एक मीटर पन्नासला खुर्ची सुटली आणि मोटारसायकल अडकली. ते माप मी आराखड्यात लिहिले. नोकरीत मला ज्या चार-पाच गोष्टींचा खरोखर अभिमान वाटला, त्यांत हे दीड मीटर होते.

आमच्या अंगणात बारा फुटी बांबू नव्हता.

बांबू फाटकावरून नेता येतो. चौकट एक मीटर दहाच उंच आहे आणि दांडा खांद्यावर असतो. पण डोलीत माणूस दांड्याखाली असतो. चौघांनी दोनदा प्रयत्न केला. मग इक्बालभाईंनी हातातली वेल्डिंगची कांडी खाली ठेवली, चादर सोडली आणि चौघांतल्या धाकट्याने, म्हणजे पुतण्या संतोषने, काकांना पाठीवर घेतले. दत्तारामकाकांच्या डाव्या हाताची शीर डायलिसिसच्या सुईसाठी शस्त्रक्रिया करून तयार केलेली आहे. तो हात दाबला जाता कामा नये. काकी तो हात दोन्ही तळव्यांवर, पाण्याने भरलेला पेला न्यावा तसा धरून, फाटकातून उलट्या चालत गेल्या. पलीकडे पुन्हा चादर बांधली. अकरा मिनिटे लागली. पुलाच्या दुसऱ्या टोकाला दुसरे फाटक होते, तिथे पुन्हा अकरा. आणि संध्याकाळी परत येताना तेवढेच. आठवड्याला सोमवार आणि गुरुवार अशा दोन फेऱ्या. हिशेब मी तिथेच केला, पण कोणाला सांगितला नाही.

चादर बांधून होईपर्यंत दत्तारामकाका कठड्याला टेकून बसले होते. हे काका रेल्वे चालू असताना याच पुलावर गँगमन होते. रूळ, फिशप्लेटी, गिट्टी यांत त्यांची वीस-बावीस वर्षे गेली. त्यांनी मला जवळ बोलावले आणि दोन चौकटींमध्ये अंतर किती ठेवले ते विचारले. मी सांगितले, दीड मीटर.

"आमच्या रुळांचा गेज सोळाशे शहात्तर मिलिमीटर," ते म्हणाले. "त्यातून मालगाडी जायाची. तुमच्या दीड मीटरातून माणूस जाईना."

शिर्के हसले. मी मोजमाप लिहिले, कारण मोजमाप बरोबर होते.

*

माझे काम काय होते ते बाहेरच्या माणसाला सांगणे सोपे नाही, कारण मी काहीच बांधलेले नाही. बांधतो ठेकेदार. आम्ही शाखा अभियंते ते मोजतो. लांबी, रुंदी, उंची, नग. ते एका पुस्तिकेत शाईने लिहितो. पुस्तिकेला छापील पानक्रमांक असतात, पान फाडता येत नाही, खाडाखोड करायची तर काटून सही करावी लागते. त्या पुस्तिकेत जे आहे ते झाले आणि जे नाही ते झाले नाही, अशी सरकारी श्रद्धा आहे. माझीही होती.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी संगमेश्वरकडच्या एका रस्त्यावर खडीचे ढीग मोजायला गेले. ढीग म्हणजे लाकडी पेटीत भरून रचलेले, सारख्या मापाचे, रस्त्याकडेला ओळीने. ठेकेदाराने मला पोहे दिले, खुर्ची दिली आणि छत्रीसुद्धा दिली. छत्री दिली तेव्हा शंका आली, कारण पाऊस नव्हता. लोखंडी सळई घेऊन एकेका ढिगात खुपसली. अठ्ठेचाळीस ढिगांपैकी एकोणीस ढिगांत सळई हातभर जाऊन मातीच्या उंचवट्याला थांबली. मातीवर खडीचे नुसते पांघरूण घातलेले. मी एकोणतीस ढीग लिहिले. ठेकेदार म्हणाला, बाई नवीन आहेत, शिकतील. मी शिकले नाही, पण माझ्या नावाने सळईची गोष्ट जिल्हाभर फिरली आणि पुढे मला छत्री कोणी दिली नाही.

हे सांगण्याचे कारण एवढेच की पुढे मी जी नोंद केली ती न कळून केली, असे कोणी म्हणू नये.

आता पूल. रत्नागिरीजवळ एक कारखाना होता. त्याच्यासाठी मुख्य रेल्वेमार्गापासून एक फाटा काढला होता, त्याला साईडिंग म्हणतात. फाट्याच्या वाटेत एक खोल दरी, खाली पावसाळी वहाळ आणि भाताची खाचरे. त्या दरीवर हा पूल. इंजिनियर लोक याला व्हायाडक्ट म्हणतात. म्हणजे पाण्यावरून नव्हे, दरीवरून जाणारा लांबलचक पूल. साडेतीस मीटरचे अकरा गाळे, मधल्या खांबाची उंची अडतीस मीटर. कारखाना बंद पडला, गाडी थांबली, रूळ उचलून भंगारात गेले. पूल उचलता येत नाही म्हणून राहिला.

पुलाच्या पलीकडे एक वाडी आहे, एकतीस घरांची. घरटी एक-दोन माणसे मुंबईला. वाडीतून शहराकडे यायचा रस्ता सड्याला, म्हणजे वरच्या कातळपठाराला, वळसा घालून तेरा किलोमीटर आहे आणि त्यातले शेवटचे तीन जून ते ऑक्टोबर चिखलात जातात. पुलावरून तीनशे चाळीस मीटर. गाडी थांबल्याच्या दुसऱ्या दिवसापासून वाडी पुलावरून चालू लागली. यात कोणाची परवानगी घेतली नाही आणि कोणी दिली नाही. दोन्ही तोंडांना 'प्रवेश निषिद्ध' अशा पाट्या होत्या. एका पाटीला लोक दुधाचा कॅन अडकवत.

मग पर्यटनाचा निधी आला. परदेशात जुन्या रेल्वेपुलांवर सायकलींचे आणि चालण्याचे मार्ग करतात, तसा इथे करायचे ठरले. कल्पना चांगली होती, आजही माझे मत तेच आहे. वर उभे राहिले की एका बाजूला कलमांच्या बागा आणि दुसऱ्या बाजूला, हवा स्वच्छ असली तर, समुद्राची रेघ दिसते. मुंबईच्या वास्तुविशारदांनी रंगीत आराखडा पाठवला. त्यात माणसेही काढली होती. कानात तारा घालून धावणारी बाई, फुगा धरलेले मूल, कुत्र्याला फिरवणारे गृहस्थ, हेल्मेटवाले सायकलस्वार. मी मोजली. चौतीस माणसे. डोक्यावर गवताचा भारा असलेले त्यांत एकही नव्हते. मी बाकी सगळ्या बाबी तपासल्या, ही तपासली नाही, कारण आराखड्यातल्या माणसांचे बिल निघत नाही.

प्रस्तावाला एक तक्ता जोडावा लागतो: 'सध्याचा वापर'. तो भरायला, फाटके बसण्याच्या सव्वा वर्ष आधी, ऑक्टोबरात मी दोन दिवस सकाळी सहा ते संध्याकाळी आठ पुलाच्या तोंडाशी छत्री लावून बसले. छत्री माझीच होती. दोन दिवसांत एकशे त्रेचाळीस माणसे, एकोणीस मोटारसायकली, अकरा गुरे. माणसांपैकी अठ्ठावीस जणांच्या डोक्यावर काही ना काही होते. गवत, लाकडे, मिरकरवाड्याहून आणलेल्या मासळीची टोपली, एकदा शिवणयंत्र. मोटारसायकलींपैकी एकीवर मागे बसलेला माणूस पंच्याने पुढच्याला बांधलेला होता. नोंदीत मी लिहिले, 'आजारी इसम, १'. ते दत्तारामकाका होते, हे मला पुढे कळले; फाटक बसल्यावर मोटारसायकल अडली, म्हणून डोली आली.

तक्ता घेऊन मी आमच्या उपअभियंत्यांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी आकडे पाहिले आणि चष्मा काढला. म्हणाले, प्रवेश निषिद्ध असलेल्या पुलावर ये-जा असू शकत नाही. आहे असे लिहिले तर आजवर रोखली का नाही याचा खुलासा आपल्याकडे मागतील. खुलासा होईपर्यंत प्रस्ताव पडून राहील आणि निधी मार्चअखेर परत जाईल. पुलाचे कठडे चार ठिकाणी तुटलेले होते, मागच्या पावसात एक गाय खाली गेली होती. निधी गेला तर कठडेही गेले.

मी विचार केला, कठडे तरी होतील. आणि 'सध्याचा वापर' यापुढे लिहिले: निरंक.

सरकारी भाषेत निरंक म्हणजे काहीही नाही. रिकामा रकाना चालत नाही, तिथे निरंक लिहावे लागते, म्हणजे आम्ही विसरलो नाही, शोधले आणि काही सापडले नाही. तेहतीस वर्षांत एकोणतीसचे अठ्ठेचाळीस मी केले नाहीत. एकशे त्रेचाळीसचे शून्य केले. नियमाला धरून केले, आणि केले त्या दिवशी बरेही वाटले होते.

ज्या वाटेवरून कोणी जातच नाही, तिच्यावर मोटारसायकली बंद करायला हरकत कोण घेणार? बाब क्रमांक २७ अशी आली.

*

उद्घाटन व्हायच्या आधीच फिरायला येणारे आले. पहाटे शहरातून सायकलस्वार येत. कोकणातली माणसे एवढ्या घट्ट कपड्यांत एवढी आनंदी मी प्रथमच पाहिली. एका सायकलीची किंमत मी विचारली आणि आमच्या ह्यांना सांगितली नाही. पण माझ्या लक्षात राहिले ते एक निवृत्त बँक मॅनेजर, पुण्याचे, पुलाजवळ बंगला बांधून राहिलेले. हे रोज दोन वेळा चालत आणि आठवड्याला एक तक्रार लिहीत. तक्रार म्हणजे नुसता त्रागा नव्हे. तारीख, वेळ, दिशा, नग. 'सोमवार, सकाळी ८.४०, पूर्वेकडून पश्चिमेस, डोली १, वाहणारे ४, फाटकाशी खोळंबा ११ मिनिटे, इतर पादचाऱ्यांची गैरसोय.' मी घड्याळ लावून मोजले तेव्हा अकराच मिनिटे भरली होती. त्यांचे आणि माझे जमायला हरकत नव्हती, फक्त ते तक्रारदार होते.

त्यांना मी एकदा पुलावर गाठून सांगितले की डोलीत डायलिसिसचा पेशंट असतो. ते म्हणाले, "मला त्यांच्याविषयी सहानुभूती आहे, मॅडम. म्हणूनच लिहितो. कागदावर आलं नाही तर तुमचं खातं काय करणार?" रागाने बोलले की उपकार म्हणून, ते मला ठरवता आले नाही. पत्रे मी फाईलला लावत गेले.

डोलीला मात्र पत्रांनी वाट मिळत नव्हती. वाडीत खांदा देऊ शकतील असे पुरुष सहा. त्यांतले दोघे साठीच्या पुढचे. मुंबईचे लोक गणपतीला आणि शिमग्याला येतात. डायलिसिस दर सोमवारी आणि गुरुवारी असते. जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी एकाचा खांदा सुजला आणि दोघे लग्नाला गेले. चौथा माणूस मिळेना. त्या दिवशी काका गेले नाहीत. शुक्रवारी मी फाटकाचा रंग तपासायला गेले तेव्हा काकी पुलावर भेटल्या. काकांच्या पायांवर सूज होती, रात्रभर बसून काढली होती, झोपले की श्वास लागत होता. काकी हे सांगताना फाटकाच्या वरच्या पट्टीवरून बोट फिरवत होत्या.

"रंग बरा लावलान," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बाय, तुजा काय चुकला असा मी म्हणत नाय. पण तू मोजायला बसली व्हतीस तेवा मी तुला पाणी दिलं व्हतं. तेवा आमी पुलावरनं जाताव ते तू लिवलंस ना?"

मी हो म्हणाले. डायरीत लिहिले होते, हे खरे होते.

त्याच दुपारी कार्यकारी अभियंत्यांकडे गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. फाटकाचा आराखडा काढला, त्यातली खुर्चीची आकृती मला दाखवली. आपले फाटक सुगम्य आहे, म्हणाले, पेशंटला खुर्ची मिळवून द्या. आठवडाभरात एका मंडळाने खुर्ची दिली, फोटो झाला. पण आमच्या कामाची हद्द पुलाच्या टोकाला संपते. तिथून वाडीपर्यंत सातशे मीटर जुनी गिट्टी पसरलेली आहे, मुठीएवढाल्या दगडांची. त्यावर मोटारसायकल कशीबशी जाते, माणूस जातो, खुर्चीचे चाक जागेवर रुतते. ती खुर्ची काकींच्या पडवीत आहे. उन्हाळ्यात तिच्यावर आमसुले वाळत घातलेले सूप ठेवलेले मी पाहिले. उंची बरोबर आहे, मांजर पोचत नाही.

*

उद्घाटन ९ फेब्रुवारीला, रविवारी ठरले. शनिवारी संध्याकाळी साहेबांचा फोन आला. पाहुण्यांपैकी तिघांचे गुडघे दुखत असल्याने त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारी गाडी आणली होती. ती फाटकातून जात नव्हती.

मी म्हणाले, गाडीची रुंदी एक मीटर तीस आहे, लांबी अडीच, जाणार नाही.

"मग फाटकं काढा."

मी म्हणाले, लेखी द्या.

"बाई, उद्या सकाळी उद्घाटन. आज लेखी काय मागता?"

मी म्हणाले, बाब मोजून झालेली आहे. मोजलेली वस्तू जागेवर नाही असे कोणी उद्या विचारले तर माझ्या पुस्तिकेला उत्तर हवे.

साहेब माझ्यासारख्यांना ओळखून होते. रविवारी सकाळी सात वाजता पुलावर आले, कामावरच्या आदेश वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिले: 'उद्घाटन समारंभास्तव दोन्ही फाटके तात्काळ काढून ठेवावीत.' खाली सही, तारीख. इक्बालभाईंना मिरकरवाड्यातून बोलावले होते. ते ट्रॉलरची कामे करतात, खाऱ्या हवेत गंज धरू नये म्हणून त्यांनी फाटकांना चांगल्या प्रतीचे बोल्ट घातले होते, एकेका फाटकाला आठ. पान्याने सोळा बोल्ट निघाले. पस्तीस मिनिटे. महिनाभर मी ज्या फाटकांना कायमची बाब समजत होते ती दुपारच्या चहाएवढ्या वेळात निघाली. फाटके ताडपत्री घालून पुलाखालच्या शेडमध्ये ठेवली.

समारंभ चांगला झाला. गुडघे गाडीतून गेले, पाहुणे सायकलीवर बसले आणि दोन माणसांनी ती धरली. भाषणात एकाने सांगितले की पाऊल पडत नव्हते तिथे आज वाट झाली. समोरच्या खुर्च्यांत मागे वाडीची माणसे बसली होती. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

सोमवारी सकाळी सव्वाआठला मी पुलावर होते. शिर्क्यांनी इक्बालभाईंना फाटके परत बसवायला पाठवले होते. ते पाने मांडत होते तेवढ्यात वाडीच्या बाजूने मोटारसायकलचा आवाज आला. संतोष चालवत होता, मागे दत्तारामकाका पंच्याने त्याला बांधलेले, डावा हात मांडीवर मोकळा. काकी मागून पायी. संतोष सायकलच्या वेगाने आला. फाटकाच्या जागी आल्यावर थांबला, कारण महिनाभराची सवय. फाटक नाही हे पाहून त्याने माझ्याकडे पाहिले. मी बाजूला झाले. ते गेले. पूल संपेपर्यंत त्यांना सव्वा मिनिट लागले.

इक्बालभाई पाना हातात घेऊन उभे होते. "मॅडम, बसवू?"

मी आदेश वही उघडली आणि वाचली. पुन्हा वाचली. रविवारी सही घेताना माझ्या मनात काही होते असे मी म्हणाले तर ते खोटे ठरेल. तेव्हा मला फक्त कागद हवा होता. सोमवारी वाचताना दिसले की वाक्य 'काढून ठेवावीत'पाशी संपते.

"यात काढा असं लिहिलंय, इक्बालभाई. बसवा असं कुठे लिहिलेलं नाही."

"मंग?"

"मग काही नाही. आदेश नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. ज्या बाईने एका सेंटिमीटरसाठी त्यांच्याकडून पहिली चौकट पुन्हा तोडून जोडून घेतली होती, ती हे बोलत होती. मग त्यांनी पाने एकेक करून पिशवीत टाकले. "आदेश नाय तर मी जातो. बंदरात ट्रॉलर उभा हाय," म्हणाले. आणि थोडे पुढे जाऊन वळून म्हणाले, "बोल्टांना ग्रीस लावून ठेवतो. कधी लागतील सांगता येत नाय."

साहेबांनी आठवड्याने विचारले, फाटके बसली का. मी खरे ते सांगितले. ते म्हणाले, मग आदेश काढू. मी सांगितले की एकदा मोजलेली बाब पुन्हा बसवायची तर ती अतिरिक्त बाब होते, तिला वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी लागते. अंदाजपत्रक मी तयार ठेवले आहे. ते खरोखर तयार होते. त्याच दिवशी पाठवले. महिन्याने तिकडून शंका आली: मूळ फाटके काढण्याचे प्रयोजन काय? उत्तर त्याच दिवशी दिले: उद्घाटन. पुढच्या महिन्यात शंका आली: उद्घाटन फाटकांसह का करता आले नाही? तेही उत्तर त्याच दिवशी, गाडीच्या मापांसह. माझ्याकडून एका दिवसाचाही उशीर झाला नाही. कोणाला खात्री करायची तर जावक नोंदवही पाहावी.

माझे हे वागणे सगळ्यांना सोयीचे झाले असे मी म्हणणार नाही. फाटके गेल्यावर संतोषबरोबर बाकीच्या मोटारसायकलीही आल्या. 'वाहन ढकलत न्यावे' अशी पाटी मी लावली. गाडी ढकलत नेणारा मला एकच दिसला, त्याचे पेट्रोल संपले होते. मार्चमध्ये एका स्कूटरचा धक्का लागून फिरायला आलेल्या बाईंचे कोपर खरचटले. मी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, चूक तुमची थोडीच आहे. मी त्यांना दुरुस्त केले नाही, आणि ते मला अजून टोचते. बँकवाल्या गृहस्थांच्या तक्रारी पूर्वीपेक्षा लांब झाल्या. 'दुचाकी ७, पैकी रुग्णवाहक १' असे ते आता वेगळे लिहितात.

खरे काम ते नव्हेच. खरे काम वाडीच्या तेरा किलोमीटरांतले शेवटचे तीन. तो रस्ता पक्का झाला तर डोलीही नको आणि पुलावर मोटारसायकलही नको. त्या रस्त्याचा प्रस्ताव तीनदा परत आला होता, कारण वाडीची वाहतूक पुरेशी नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात मी चौथ्यांदा पाठवला. या वेळी 'सध्याचा वापर' या तक्त्यात माझ्या डायरीतले आकडे घातले: माणसे १४३, मोटारसायकली १९, गुरे ११, आजारी इसम १. पुरावा म्हणून बँकवाल्यांची सगळी पत्रे जोडली. डोली प्रथम सरकारी दप्तरात आली ती त्यांच्या तक्रारीतून. खाली एक ओळ लिहिली की आधीच्या प्रस्तावात मी हा रकाना निरंक भरला होता, ती नोंद चुकीची होती. जुन्या प्रतीतले निरंक काटून सही केली. उपअभियंत्यांनी ते पाहिले आणि चष्मा काढला नाही. म्हणाले, निवृत्तीच्या तोंडावर खुलासा मागतील. मी म्हणाले, मागू देत. अजून मागितलेला नाही. प्रस्ताव विचाराधीन आहे.

३१ मेला कार्यभार दिला. यादीत अनुक्रमांक १४ वर लिहिले: 'लोखंडी झिगझॅग फाटके, नग २, शेडमध्ये, सुस्थितीत, आदेशानुसार काढलेली.' नवीन आलेल्या मुलीने विचारले, मॅडम, ही बसवायची आहेत का? मी म्हणाले, आदेश आला की लगेच बसव.

ऑगस्टमध्ये कोकमाच्या सरबताची बाटली घेऊन शेवंतीकाकी घरी आल्या होत्या. काका सोमवार-गुरुवार जातात. सूज नाही. काकांनी निरोप पाठवला होता: "बाईंना सांग, लाईन क्लियर हाय." मी बाटलीचे पैसे देऊ केले. काकींनी घेतले नाहीत, आणि हे मी लिहून ठेवले आहे.

हिशेब शेवटी एवढाच राहिला. ठेकेदाराला बाब २७ चे पूर्ण बिल, मोजमापानुसार, अदा. इक्बालभाईंना फाटके काढण्यापोटी, नग दोन, बोल्ट सोळा, रुपये चौदाशे, सही घेऊन अदा. फाटके परत बसवण्यापोटी: निरंक.